पाठींतील सुई आणि घरांतील औषधांचा डबा

पाठदुखी हें दुखणें जितकें सार्वत्रिक, तितकेंच तें उपेक्षितहि आहे. घरांत एखाद्याची कंबर धरली म्हणजे पहिले चार दिवस शेक, लेप आणि वेदनाशामक गोळी यांवर जातात. पुढचे चार दिवस बसण्याउठण्याच्या पद्धतीविषयींच्या उपदेशांत जातात. आणि तरीहि दुखणें हटेना, कळ कमरेंतून मांडीच्या मागें व तेथून पोटरींत उतरूं लागली, म्हणजे तज्ज्ञाकडे जाण्याची भाषा सुरू होते. या वळणावर हल्लीं पुष्कळांस एक उपाय सुचविण्यांत येतो. पाठीच्या कण्याच्या पोकळींत सुई घालून तिच्या वाटे स्टिरॉइड जातीचें औषध सोडावयाचें, कांहीं वेळ रोग्यास निजवून ठेवावयाचें, आणि संध्याकाळच्या चहाला त्यास घरीं पाठवावयाचें. शस्त्रक्रियेचें नांव नाहीं, टांके नाहींत, रुग्णालयांत मुक्काम नाहीं. त्यामुळें घरच्या मंडळींस हा उपाय दंडावरच्या साध्या सुईइतकाच किरकोळ वाटावा यांत नवल नाहीं.

या उपायाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. तो करून घेणारे बहुतेक रोगी सुखरूप घरीं येतात. परंतु त्याच्या पाठोपाठ क्वचित् उद्भवणारें एक संकट असें आहे, कीं ज्याविषयीं सुशिक्षित घरांतहि फारसें बोललें जात नाहीं. तें म्हणजे कण्याच्या पोकळींत होणारा रक्तस्राव. हें संकट विरळा आहे; पण तें ओढवलें आणि वेळेवर ओळखलें गेलें नाहीं, तर चालत्याबोलत्या माणसाचे पाय कायमचे जाऊं शकतात. आम्ही त्याविषयीं मुद्दाम लिहीत आहों याचें कारण इतकेंच कीं, तें टाळण्याचें अर्धें काम सुई टोंचण्यापूर्वीं घरांत होतें, आणि तें ओळखण्याचें बहुतेक काम सुई टोंचून झाल्यावर घरांतच होतें.

प्रथम जागा समजून घेऊं. मणक्यांच्या मागील कमानी एकाखालीं एक येऊन जी हाडाची नळी तयार होते, तींत मेंदूपासून निघालेला मज्जारज्जु सुरक्षित असतो. प्रौढ माणसांत हा रज्जु कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीं संपतो. त्याखालीं मज्जातंतूंच्या मुळांचा जुडगा असतो, आणि शरीरशास्त्रज्ञांनीं त्यास घोड्याच्या शेपटीची उपमा देऊन तेंच नांव ठेविलें आहे. रज्जूवर तीन आवरणें आहेत. सर्वांत बाहेरचें आवरण आणि हाडाची नळी यांच्यामध्यें जी अरुंद फट राहते, तीस 'एपिड्युरल' जागा म्हणतात. या फटींत थोडी चरबी व पातळ भिंतींच्या शिरांचें जाळें असतें. दोन मणक्यांमधील चकती सरकली किंवा नळी अरुंद झाली म्हणजे मज्जातंतूचें मूळ चेपलें जातें, तेथें दाह होतो, आणि तीच कळ पायांत उतरते. त्या दाहाच्या ठिकाणीं औषध नेऊन सोडावें, एवढीच या सुईमागील कल्पना आहे.

ही कल्पना आजकालची नव्हे. १९०१ सालीं पॅरिस येथें सिकार आणि कातेलँ या दोन वैद्यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, माकडहाडाजवळच्या छिद्रांतून या फटींत कोकेन सोडण्याचा प्रयोग केला. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच यांनीं संधिवातानें जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिझोन दिलें आणि थोड्याच दिवसांत ती हिंडूंफिरूं लागली. या शोधाबद्दल हेंच, केंडल व राइखस्टाइन या तिघांस १९५० चें नोबेल पारितोषिक मिळालें. स्टिरॉइडांचा असा डंका वाजत असतांनाच, १९५२-५३ च्या सुमारास, इटली व फ्रान्स येथील डॉक्टरांनीं तीं पाठींतील मज्जातंतूंच्या मुळांपाशीं सोडण्यास आरंभ केला.

गुण किती येतो, हेंहि वाचकांनीं जाणून घ्यावें. २०१४ सालीं अमेरिकेंत कण्याची नळी अरुंद झालेल्या ४०० रोग्यांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांस बधिर करणाऱ्या औषधाबरोबर स्टिरॉइड दिलें, निम्म्यांस नुसतें बधिर करणारें औषध दिलें. सहा आठवड्यांनीं दोन्ही गटांत फरक जवळजवळ दिसला नाहीं. पायांत उतरणाऱ्या कळेविषयीं २०२० सालीं कॉक्रेन या संस्थेनें २५ प्रयोगांचा एकत्र विचार केला, तेव्हां थोड्या मुदतीपुरता थोडासा आराम पडतो असें आढळलें. एप्रिल २०१४ मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें असेंहि बजावलें कीं, या कामासाठीं स्टिरॉइडांस आपली मान्यता नाहीं, त्यांची उपयुक्तता व सुरक्षितता सिद्ध झालेली नाहीं, आणि क्वचित् प्रसंगीं अर्धांग, अंधत्व किंवा मृत्यूहि त्यांपाठीं येऊं शकतो. असह्य कळेनें रात्रंदिवस तळमळणाऱ्या माणसास थोड्या आठवड्यांचा आरामहि मोलाचा असतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु लाभ जेव्हां बेताचा असतो, तेव्हां त्यासाठीं पत्करावयाचा धोका अधिक बारकाईनें मोजून पाहावा, हा साधा व्यवहार आहे.

आतां रक्तस्रावाकडे वळूं. कण्यांतील शिरांच्या ज्या जाळ्याचा उल्लेख वर केला, त्याचें महत्त्व १९४० सालीं फिलाडेल्फियाच्या ऑस्कर बॅटसन यांनीं जगापुढें आणलें. या शिरांत हातापायांच्या शिरांप्रमाणें झडपा नसतात, आणि पोटांतील व ओटीपोटांतील शिरांशीं त्या जोडलेल्या असतात. त्यामुळें माणूस खोकला, शिंकला किंवा कुंथला, कीं पोटावरील दाबाचें रक्त या शिरांत चढतें आणि त्या फुगतात. सुईचें टोंक अशा एखाद्या शिरेस लागणें ही फारशी दुर्मीळ गोष्ट नाहीं. निरोगी माणसांत चार थेंब रक्त येतें, तें गोठतें, आणि रोग्यास त्याचा पत्ताहि लागत नाहीं.

परंतु रक्त गोठेना, तर काय होतें? दंडावर मार बसला तर आंत साचलेल्या रक्तानें दंड सुजतो, निळा पडतो. कातडी ताणते आणि रक्तास जागा मिळते. कण्यांत मात्र सभोंवार हाड आहे. रक्तास पसरावयास जागा नाहीं, म्हणून तें आंतल्या आंत मज्जारज्जूस किंवा मज्जातंतूंच्या जुडग्यास दाबतें. दाबलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि जीं कामें ते मज्जातंतु करीत होते तीं एकामागून एक बंद पडूं लागतात. बाहेरून पाहणाऱ्यास पाठीवर सुईच्या छिद्राखेरीज कांहीं दिसत नाहीं.

हें कितीदां घडतें? कण्यांत सुई घालून भूल देण्याची पद्धत पुष्कळ अधिक प्रचारांत असल्यामुळें तिच्याविषयींचे आंकडे अधिक आहेत, आणि सुईची वाट तीच असल्यामुळें ते येथेंहि उपयोगी पडतात. १९९० ते १९९९ या दहा वर्षांत स्वीडनमध्यें अशी भूल सुमारें १७ लक्ष वेळां देण्यांत आली. तींत कण्यांतील रक्तस्रावाचे ३३ प्रसंग घडले. यांतील तपशील आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. बाळंतपणासाठीं एपिड्युरल भूल घेणाऱ्या तरुण स्त्रियांत हें प्रमाण दोन लक्षांत एक इतकें अल्प होतें. पण गुडघ्याचा सांधा बदलून घेणाऱ्या स्त्रियांत तें ३,६०० मध्यें एक इतकें निघालें. म्हणजे ज्या सुईनें सुनेस कांहीं होत नाहीं, तीच सुई सासूबाईंच्या बाबतींत तितकी निर्धास्त नसते. वयाबरोबर हाडें झिजतात, कण्याची नळी अरुंद होते, मूत्रपिंडें औषध बाहेर टाकण्यांत मंद होतात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वयाबरोबर औषधांच्या डब्यांतील गोळ्या वाढतात.

या शेवटच्या कारणाचें वजन किती आहे, तें १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून दिसून येतें. बेल्जियममधील तीन डॉक्टरांनीं १९०६ पासून त्या वर्षापर्यंत भुलेच्या सुईनंतर कण्यांत रक्तस्राव झाल्याच्या ६१ हकीकती गोळा केल्या. त्यांपैकीं ४२ रोग्यांत रक्त गोठण्याच्या क्रियेंत आधींच कांहीं ना कांहीं बिघाड होता. कोणाचा रोगामुळें, तर पुष्कळांचा औषधामुळें. पुढें लवकरच त्याचा ढळढळीत पुरावा मिळाला. एनॉक्सापॅरिन हें हेपॅरिनाचें नवें रूप १९९३ सालीं अमेरिकेंत आलें. युरोपांत तें दिवसांतून एकदां देत. अमेरिकेंत दोनदां देऊं लागले. तेथें कण्यांतील रक्तस्रावाच्या तक्रारी एकामागून एक येऊं लागल्या, आणि डिसेंबर १९९७ मध्यें सरकारी प्रशासनास डॉक्टरांसाठीं जाहीर इशारा काढावा लागला. हात तेच, सुई तीच. फरक पडला तो रोग्याच्या रक्तांतील औषधाचा.

तेव्हां हीं औषधें कोणतीं, हें प्रत्येक घरास ठाऊक असलें पाहिजे. लोकभाषेंत त्यांस 'रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या' म्हणतात. वस्तुतः त्या रक्त पातळ करीत नाहींत, रक्त गोठण्यास विलंब लावितात. त्यांचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गांतील औषधें रक्तांतील बिंबिका, ज्यांस प्लेटलेट म्हणतात, त्यांस एकमेकींस चिकटूं देत नाहींत. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल हीं या वर्गांतील घरोघर आढळणारीं नांवें. ॲस्पिरिनानें एकदां निकामी केलेली बिंबिका तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यांत पुन्हां कामास येत नाहीं. म्हणून सकाळची गोळी चुकविली तर संध्याकाळीं परिणाम गेला, असें समजणें चुकीचें आहे.

दुसऱ्या वर्गांतील औषधें रक्त गोठविणाऱ्या द्रव्यांवर काम करतात. त्यांतील वॉरफरिनाचा जन्म मोठा विलक्षण आहे. १९२० नंतरच्या वर्षांत उत्तर अमेरिकेंत बुरसलेला गवती चारा खाऊन गाईगुरें रक्तस्रावानें मरूं लागलीं. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील कार्ल पॉल लिंक यांच्याकडे १९३३ च्या फेब्रुवारींत एक शेतकरी मेलेली गाय व न गोठणाऱ्या रक्तानें भरलेलें भांडें घेऊन आला, आणि तेथून सुरू झालेल्या संशोधनाचें फळ म्हणून १९४८ सालीं वॉरफरिन बाजारांत आलें तें उंदीर मारण्याचें विष म्हणून. १९५४ सालीं तें माणसांसाठीं मान्य झालें, आणि आजवर त्यानें असंख्य माणसांचे प्राण राखले आहेत. आपल्याकडे त्याचेंच भावंड असलेलें ॲसिनोकुमारॉलहि पुष्कळांस दिलें जातें. डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबान व एपिक्साबान हीं त्याच कामाचीं नवीं औषधें २०१० नंतर प्रचारांत आलीं आहेत.

येथें एका अडचणीकडे लक्ष वेधणें जरूर आहे. आपल्या देशांत एकाच कॅप्सुलेंत दोन-तीन औषधें एकत्र विकण्याची रीत फार आहे. कोलेस्टेरॉलची म्हणून जी कॅप्सूल घरांत सांगितली जाते, तिच्या पोटांत ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल दोन्हीं असूं शकतात. घेणाऱ्यास विचारावें, तर तो प्रामाणिकपणें सांगतो, "रक्त पातळ करण्याचें मी कांहींच घेत नाहीं." म्हणून गोळीच्या पाकिटावरील ठळक व्यापारी नांव वाचून थांबूं नये, त्याखालीं बारीक अक्षरांत छापलेलीं मूळ औषधांचीं नांवेंहि वाचावींत. पाठदुखीसाठींच आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांचाहि बिंबिकांवर परिणाम होतो. माशाचें तेल, गिंको, लसणीच्या अर्काच्या कॅप्सुला यांसारखीं 'निरुपद्रवी' म्हणून घेतलेलीं द्रव्येंहि डॉक्टरांच्या कानावर घालावींत. फोडणींतल्या लसणीची धास्ती घेण्याचें मात्र कारण नाहीं.

आतां खरी अडचण कोठें उत्पन्न होते तें पाहूं. घरांतील सत्तरीच्या आजोबांचें उदाहरण घेऊं. हृदयाच्या शिरेंत स्टेंट बसविला आहे, त्याचीं औषधें हृदयाच्या डॉक्टरांकडून. मधुमेह आहे, त्याचीं दुसरीकडून. मूत्रपिंडाची तक्रार आहे, ती तिसऱ्याकडे. आणि आतां पाठीसाठीं चौथे डॉक्टर. प्रत्येकजण आपल्या विषयांत निष्णात आहे, प्रत्येकाची चिठ्ठी आपल्या परीनें बरोबर आहे. परंतु या चारहि चिठ्ठ्या एकत्र येतात तें एकच ठिकाण आहे, आणि तें म्हणजे घरांतील औषधांचा डबा. पाठीच्या डॉक्टरांनीं "दुसरें कांहीं औषध चालूं आहे काय?" असें विचारलें, कीं आजोबा "किरकोळ आहे" म्हणून विषय संपवितात, कारण दुखण्यांचा पाढा वाचणें त्यांस कमीपणाचें वाटतें. बरोबर गेलेल्या मुलास गोळ्यांचा रंग ठाऊक असतो, नांव ठाऊक नसतें. ज्या सुनेनें तो डबा रोज भरलेला असतो, ती त्या वेळीं घरीं असते. आमचें सांगणें असें कीं, अशा प्रसंगीं जो डबा भरतो त्यानेंच रोग्याबरोबर जावें, आणि डबाहि बरोबर न्यावा.

परंतु हें वाचून कोणी अशी समजूत करून घेऊं नये कीं, सुईच्या आधीं या गोळ्या आपणच बंद कराव्या. तसें करणें म्हणजे आगींतून उठून फोफाट्यांत पडणें होय. ज्यांस स्टेंट आहे, कृत्रिम झडप आहे, किंवा ज्यांचे हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्यांच्या शरीरांत गुठळी होऊं नये म्हणूनच हीं औषधें दिलेलीं असतात; तीं थांबविलीं तर हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांग ओढवूं शकतें. २०१७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतींत डोळे उघडणारा आहे. पाठीच्या व तत्सम सुयांच्या ४,७६६ प्रसंगीं औषधें चालूं ठेविलीं होतीं, आणि त्यामुळें रक्तस्रावाचें संकट एकहि आलें नाहीं. २,२९६ प्रसंगीं तीं नियमाप्रमाणें थांबविलीं, तेव्हां ९ रोग्यांस गंभीर इजा पोंचली व त्यांत दोघे दगावले. यावरून सर्वच सुया औषधें चालूं ठेवून द्याव्या असा अर्थ निघत नाहीं. मणक्यांच्या दोन कमानींमधून सरळ एपिड्युरल फटींत जाणाऱ्या सुईस तो अभ्यास लागूं करतां येत नाहीं. अर्थ इतकाच कीं, औषध घेण्यांत एक धोका आहे, सोडण्यांत दुसरा आहे, आणि कोणता लहान हें प्रत्येक रोग्यापुरतें ठरवावें लागतें.

तें ठरविण्याचे नियम तज्ज्ञांनीं केलेले आहेत. अमेरिकेंतील भूल व वेदनाशास्त्राच्या एका प्रमुख संस्थेनें युरोपीय व इतर संस्थांसह २०१५ सालीं ते प्रसिद्ध केले व २०१८ सालीं सुधारले. एपिड्युरल स्टिरॉइडची सुई त्यांत मध्यम धोक्याच्या वर्गांत आहे. या नियमांप्रमाणें सर्वसाधारणपणें क्लोपिडोग्रेल सात दिवस आधीं, वॉरफरिन पांच दिवस आधीं आणि नंतर रक्ताची आय.एन.आर. तपासणी करून, डॅबिगॅट्रान चार दिवस आधीं, तर रिव्हारॉक्साबान व एपिक्साबान तीन दिवस आधीं थांबवितात. मूत्रपिंडें मंद असल्यास डॅबिगॅट्रानास आणखी दिवस लागतात. ॲस्पिरिनाचा निर्णय रोगी पाहून करतात. हे आंकडे आम्ही दिले ते घरच्या घरीं वापरण्यासाठीं नव्हेत. डॉक्टरांशीं बोलतांना प्रश्न नेमका विचारतां यावा, एवढाच त्यांचा उपयोग. औषध थांबविण्याची अनुज्ञा ज्यांनीं तें सुरू केलें त्या डॉक्टरांकडून, शक्य तर लेखी, घ्यावी. आणि 'पुन्हां केव्हां सुरू करावयाचें' ही तारीखहि त्याच कागदावर लिहून घ्यावी. थांबविलेलें औषध सुरू करण्यास विसरणें हें मुळांत न थांबविण्याइतकेंच घातक होऊं शकतें. स्टेंट नुकताच बसविला असेल आणि औषध थांबवितां येत नसेल, तर सुई पुढें ढकलावी. पाठ दुखते हें खरें. पण पाठीची सुई थांबूं शकते, हृदय थांबून चालत नाहीं.

याशिवाय कांहीं साध्या गोष्टीहि सांगावयास विसरूं नये. दांत काढतांना रक्त थांबलें नव्हतें काय, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग पडतात काय, यकृताचा विकार आहे काय, पूर्वीं पाठीची शस्त्रक्रिया झाली आहे काय. हे प्रश्न क्षुल्लक वाटले तरी त्यांच्या उत्तरांवरून डॉक्टर सावध होतात. मधुमेही माणसाची साखर स्टिरॉइडमुळें कांहीं दिवस चढते, हेंहि आधींच ठाऊक असलेलें बरें.

सुई झाली, रोगी घरीं आला. येथून पुढचे दोन दिवस घरच्यांच्या डोळ्यांवर अवलंबून असतात. सुईच्या जागीं थोडें ठणकणें आणि बधिर करणाऱ्या औषधामुळें कांहीं तास पाय जड वाटणें, हें अपेक्षित आहे. पण हा जडपणा तासागणिक कमी होत गेला पाहिजे. तो कमी होण्याऐवजीं वाढूं लागला, किंवा एकदां मोकळे झालेले पाय पुन्हां लटपटूं लागले, तर ती धोक्याची घंटा समजावी. पाठींत एकाएकीं नवी, पूर्वीं कधीं न झालेली तीव्र कळ उठणें. पायांत मुंग्या येऊन संवेदना जाणें. बैठकीच्या जागीं, मांड्यांच्या आंतील बाजूस बधिरपणा येणें. लघवीची भावना होऊनहि ती न होणें, अथवा नकळत होणें. यांपैकीं एकहि चिन्ह दिसलें तर वाट पाहूं नये. बहुधा हीं चिन्हें पहिल्या दिवसांतच दिसतात; क्वचित्, विशेषतः थांबविलेलीं औषधें पुन्हां सुरू झाल्यावर, तीं कांहीं दिवसांनींहि येतात.

येथें आमच्या घरांतील एक स्वभाव आडवा येतो. रात्रीं दोन वाजतां आजोबांचे पाय बधिर झाले, तर 'दिवसभर राबलेल्या मुलांची झोंप कशाला मोडा' म्हणून ते सकाळपर्यंत पडून राहतात. आजीबाईंस लघवी होत नाहीं ही गोष्ट मुलास सांगण्याची लाज वाटते, आणि सून उठेपर्यंत चार तास निघून जातात. कोणी उठलेंच, तर आणखी एक वेदनाशामक गोळी देऊन "झोंपा, सकाळीं पाहूं" असें म्हटलें जातें. या संकटांत सकाळ फार दूर असते. वर उल्लेखिलेल्या १९९४ च्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, पाय लुळे पडल्यापासून आठ तासांच्या आंत शस्त्रक्रिया करून रक्त काढलें गेलें, तर पाय परत येण्याची आशा चांगली असते. पुढें प्रत्येक तासागणिक ती मावळत जाते. निदान एम.आर.आय. नें होतें, आणि उपाय म्हणजे मणक्याची मागची कमान उघडून सांकळलेलें रक्त बाहेर काढणें. या आठ तासांतून रोग्यानें सांगण्याचा वेळ, वाहन मिळण्याचा वेळ, रुग्णालयाचा रस्ता, तपासणी आणि शस्त्रक्रियेची तयारी हीं सर्व वजा करा, म्हणजे घरांत विचार करीत बसण्यासाठीं किती उरतो तें कळून येईल.

म्हणून सुईच्या दिवशींच तीन गोष्टी ठरवून ठेवाव्या. रोग्याजवळ त्या रात्रीं कोणी निजावयाचें, तें ठरवावें. आणि त्यानें झोंपण्यापूर्वीं व मध्यरात्रीं रोग्यास पायांचीं बोटें व पावलें हलवून दाखविण्यास सांगावें, लघवी झाली काय हें संकोच न धरतां विचारावें. दुसरें, ज्या डॉक्टरांनीं सुई दिली त्यांचा रात्रीं लागणारा दूरध्वनि क्रमांक लिहून भिंतीवर लावावा. तिसरें, रात्रीं एम.आर.आय. व मणक्याची शस्त्रक्रिया दोन्हीं होऊं शकतील असें जवळचें रुग्णालय कोणतें, हें दिवसाउजेडीं विचारून ठेवावें. तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्यांनीं तर सुईनंतरची पहिली रात्र अशा रुग्णालयाच्या शहरांतच, एखाद्या आप्ताकडे काढावी, हें आमच्या मतें शहाणपणाचें आहे. रुग्णालयांत पोंचल्यावर "पाठ दुखते" असें मोघम सांगूं नये. "काल कण्यांत स्टिरॉइडची सुई दिली आहे, अमुक गोळ्या चालूं आहेत, आणि अमुक वाजल्यापासून पाय बधिर झाले आहेत" असें एका दमांत सांगावें. त्या एका वाक्यानें अर्धा तास वांचतो.

एवढें सर्व वाचून एखादी गृहिणी म्हणेल कीं, लाखांत एखाद्यास होणाऱ्या गोष्टीसाठीं हा केवढा खटाटोप! त्यावर आमचें उत्तर असें कीं, यांतील बहुतेक खटाटोप त्या एका गोष्टीपुरता नाहींच. घरांतील प्रत्येक वडील माणसाच्या औषधांचीं मूळ नांवें, मात्रा आणि तीं कशासाठीं चालूं आहेत हें एका कागदावर लिहून तो कागद डब्याच्या झांकणास आंतून चिकटवून ठेवला, तर दांत काढण्याच्या वेळीं, मोतीबिंदूच्या वेळीं, पाय घसरून पडल्याच्या वेळीं तोच उपयोगी पडतो. औषध बदललें कीं कागद बदलावा. हें काम अर्ध्या तासाचें आहे, आणि घरांतील शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींकडूनहि तें करून घेतां येईल. त्यांचें अक्षर चांगलें असतें, आणि आजीआजोबांस काय होतें हें त्यांसहि त्या निमित्तानें कळेल. येत्या रविवारीं दुपारीं डबा रिकामा करून बसावें, अशी आमची प्रत्येक घरास विनंति आहे.